महामार्गात गेलेली जमीन मोजली जाते, उरलेलीचे काय?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

महामार्गाची बातमी आली की दोनच गोष्टी छापून येतात: गावाचा विरोध आणि एकरी दर. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरांच्या वेळी हेच झाले. नाशिक, अहिल्यानगर, सोलापूरच्या शिवारांतून आखलेल्या सुरत–चेन्नई महामार्गाच्या वेळीही हेच झाले. पवनार ते पत्रादेवी शक्तिपीठ महामार्गाबाबत वेगळे काही घडलेले नाही. विरोधाचा हक्क आहेच आणि दरही महत्त्वाचा आहे. पण ज्यांच्या जमिनीच्या गटातून आखणीची रेघ जाते त्यांचे सर्वांत टिकाऊ नुकसान या दोन्हींत दिसत नाही. ते रस्त्याच्या दोन्ही अंगांना उरलेल्या जमिनीत असते. घेतलेली जमीन सरकार आरपर्यंत (एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर) मोजते. उरलेल्या जमिनीची अवस्था मात्र खातेदाराने वेळेत आणि लेखी मांडली नाही तर कुठल्याच कागदावर येत नाही.

शंभर मीटर रुंद आणि दोनशे मीटर लांब असा दोन हेक्टरचा गट घ्या. साठ मीटर रुंदीचा महामार्ग तो काटकोनात आडवा कापून गेला तर ६० आर जातात आणि दोन चौकोनी तुकडे राहतात. त्यांत निदान तासे सरळ काढता येतात. तोच रस्ता पंचेचाळीस अंशांत तिरपा गेला तर जवळपास ८५ आर जातात आणि उरलेल्या १ हेक्टर १५ आरचे दोन तिरकस तुकडे होतात. तिरप्या कडेला प्रत्येक तासाची लांबी वेगळी, ठिबकची नळी प्रत्येक ओळीला वेगळ्या मापाची, आणि ट्रॅक्टर वळवायला चार-पाच मीटर सोडावे लागतात ते वेगळेच. टोकाचा कोपरा दोन-तीन वर्षांत पडीक होतो. तुकडा प्रमाणभूत क्षेत्राहून, म्हणजे तुकडेबंदी कायद्याने ठरवलेल्या किमान क्षेत्राहून, लहान राहिला तर तो विकतानाही साधारणपणे लगतच्या खातेदाराकडेच पाहावे लागते. नोटिशीत यातले काही नसते. तिथे फक्त ०.८५ हे.आर. एवढेच असते.

मग वाट. प्रवेश-नियंत्रित महामार्गावर मध्येच चढता-उतरता येत नाही. घर अलीकडे, शेत साठ मीटरवर पलीकडे, आणि भुयारी मार्ग दीड किलोमीटर दूर असेल तर एका खेपेला तीन किलोमीटरचा वळसा पडतो. जाऊन-येऊन सहा, आणि दिवसात दोन खेपा म्हटल्या की बारा किलोमीटर. बैलगाडी ताशी चार किलोमीटरने धरली तर रोजचे तीन तास रस्त्यात जातात. शिवाय भुयारी मार्ग दिला म्हणजे प्रश्न मिटला असेही नाही. उसाने भरलेली ट्रॉली, मळणी यंत्र, हार्वेस्टर यांची उंची टेपने मोजून ती हरकतीत लिहिली पाहिजे, कारण फक्त माणसे-जनावरांसाठी आखलेल्या बोगद्यातून ही वाहने जात नाहीत. भुयारी मार्गाचा तळ शेताच्या पातळीखाली गेला तर पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी साचते. त्या पाण्याच्या निचऱ्याची सोय नकाशावर दाखवायला सांगा.

ज्या पाणंदी गाव नकाशावर आहेत त्या निदान डोळ्यांसमोर येतात. पण कितीतरी शेतांची वाट केवळ वहिवाटीची असते, बांधावरून जाणारी, नकाशावर नसलेली. अशा वाटांची यादी ग्रामसभेत करून तलाठ्याच्या पंचनाम्यासह आधीच दाखल करावी. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६च्या कलम ३जीमध्ये, म्हणजे मोबदला ठरवण्याच्या कलमात, वहिवाटीच्या हक्काचीही तरतूद आहे. संपादित जमिनीवर दुसऱ्या कुणाचा असा हक्क बाधित होत असेल तर त्या जमिनीच्या ठरलेल्या रकमेच्या दहा टक्के रक्कम त्यापोटी देय असते. हा दावा फारसा कुणी करत नाही, कारण ज्याची जमीन गेलेली नाही त्याला आपलेही काही गेले आहे हे कुणी सांगत नाही.

सर्वांत वाईट भाग पाण्याचा. भराव म्हणजे शिवारातून आडवा घातलेला मातीचा बांधच. काळ्या जमिनीत पावसाचे पाणी एका ओढ्यानेच वाहत नाही. ते सगळ्या उतारावरून पसरून बांधाबांधाने खाली जाते. भरावाने ते अडते आणि शे-दोनशे मीटरवरच्या एका मोरीतून, म्हणजे रस्त्याखालच्या पाणवाटेतून, सोडले जाते. मोरीचा तळ मूळ जमिनीपेक्षा अर्धा मीटर उंच राहिला आणि शेताचा उतार दोनशेला एक असेल, तर वरच्या अंगाला शंभर मीटरपर्यंत पाणी तुंबते. तूर दोन-तीन दिवसांच्या साचलेल्या पाण्यातही पिवळी पडून वाळते. कपाशी उभी राहते पण पाते गाळते. असे चार पावसाळे गेले की जमीन चिबड होते. खालच्या अंगाला उलटा प्रकार: पसरून येणारे पाणी एका तोंडातून जोराने बाहेर पडते आणि पहिल्याच मोठ्या पावसात शेतात घळ पाडते. म्हणून हरकतीत 'मोरी द्यावी' एवढेच लिहून भागत नाही. मोरीचा तळ ओढ्याच्या तळाशी जुळवावा, मोरीचे पाणी महामार्गाच्या हद्दीवर न सोडता पक्क्या चराने ओढ्यापर्यंत न्यावे, आणि भराव टाकण्याआधी मोरी बांधावी, या तिन्ही गोष्टी हव्यात. तिसरी सर्वाधिक मोडली जाते. भराव एप्रिलमध्ये, मोरी पुढच्या दिवाळीत, आणि मधला पावसाळा शेतकऱ्याच्या अंगावर. नळमोरीपेक्षा चौकोनी मोरी मागावी. लहान व्यासाच्या नळात माणूस शिरून गाळ काढू शकत नाही आणि दोन वर्षांत तो नळ तुरकाट्यांनी बुजतो.

विहीर अलीकडे आणि जमीन पलीकडे राहिली तर पाइपलाइन कापली जाते. ती परत जोडायची सोय भराव होण्याआधी करून घेतली तर खर्च किरकोळ असतो. महामार्गाच्या संपूर्ण रुंदीतून, एका हद्दीपासून दुसऱ्या हद्दीपर्यंत, आपल्या पाइपाच्या दुप्पट व्यासाचा बाहेरचा पाइप टाकून ठेवायचा आणि त्यातून आपली लाइन न्यायची. केवळ डांबराखालून टाकलेला पाइप उपयोगाचा नाही, कारण पुढे सेवा रस्ता किंवा गटार झाले की तो तुटतो. रस्ता झाल्यावर हेच काम करायचे तर परवानगी, शुल्क, आडवे ड्रिलिंग असे सगळे मागे लागते आणि अल्पभूधारक तो नाद सोडून देतो. म्हणजे बागायत जमीन सातबारावर बागायत राहते आणि प्रत्यक्षात जिरायत होते.

हे सगळे मांडायचे कधी, यावर खरे म्हणजे सर्व अवलंबून आहे. आखणी बदलायची असेल तर अधिसूचनेनंतर बहुतेक उशीर झालेला असतो. ताशी शंभर-सव्वाशेच्या वेगासाठी आखलेला रस्ता एका गटापुरता वळवता येत नाही. पन्नास मीटर सरकवायचा तरी मागे-पुढे बऱ्याच अंतरावरून वळण द्यावे लागते. म्हणून आखणीबद्दलची मागणी शिवारात खुंट्या आणि ड्रोन दिसायला लागले त्याच वेळी आणि लागून असलेल्या चार-पाच गावांनी मिळून करावी लागते. आपल्या विहिरीवरून काढून शेजाऱ्याच्या विहिरीवर टाका, ही मागणी टिकत नाही आणि टिकूही नये. गावाने आपसांत बसून, कुठल्या पट्ट्यात विहिरी-फळबागा कमी आहेत हे गट नंबरांसह दाखवले तर त्यावर विचार करायला अभियंत्याच्या हाती काहीतरी असते. भुयारी मार्गाची जागा, मोरीची संख्या, भरावाची उंची या गोष्टी त्यामानाने बऱ्याच उशिरापर्यंत बदलता येतात. आमचा अनुभव असा की गावे सगळी ताकद आखणीवर खर्च करतात आणि ज्या गोष्टी मिळण्यासारख्या असतात त्या मागायच्याच राहतात.

राष्ट्रीय महामार्ग असेल तर जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी पहिली अधिसूचना कलम ३एची. तालुक्यात सगळे तिला 'थ्री ए' म्हणतात. कलम ३सीप्रमाणे हरकतीला २१ दिवस मिळतात, आणि कायद्याचे शब्द पाहिले तर ते राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून मोजायचे असतात. वर्तमानपत्रात गोषवारा नंतर येतो, गावात त्याहून नंतर कळते, आणि हातात आठ-दहा दिवस उरतात. हरकत सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा प्रांताधिकाऱ्याकडे किंवा विशेष भूसंपादन अधिकाऱ्याकडे, लेखी द्यायची. सुनावणी स्वतः किंवा वकिलामार्फत मागता येते. तोंडी सांगितलेले आणि मोर्चात दिलेले निवेदन कलम ३सीची हरकत ठरत नाही. प्रत्येक खातेदाराने स्वतंत्र अर्ज द्यावा, त्यावर गट नंबर, पोटहिस्सा, क्षेत्र आणि मागणी लिहावी, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. 'आमचा महामार्गाला विरोध आहे' एवढी एकच ओळ असलेली हरकत एका ओळीतच फेटाळली जाते. सोबत नकाशाची मागणीही करा. अधिसूचनेत जमिनीचे वर्णन ओळखता येण्याजोगे असले पाहिजे आणि नकाशा पाहायला मिळाला पाहिजे, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये बारानगर ज्यूट फॅक्टरीच्या निकालात ठसठशीतपणे मांडला आहे. ३एनंतर एका वर्षात ३डीची घोषणा झाली नाही तर अधिसूचना रद्दबातल होते. न्यायालयाच्या स्थगितीचा काळ त्यात धरत नाहीत. ३डी झाली की जमीन सरकारजमा झाली असे समजावे. शक्तिपीठसारख्या राज्याच्या रस्त्यांना १९५५चा महाराष्ट्र महामार्ग अधिनियम लागतो. त्याची कलमे निराळी आहेत. तिथे नोटिशीवरची मुदतच पाहावी.

अधिसूचनेतल्या चुका लगेच तपासाव्या. एकत्रीकरणापूर्वीचा सर्व्हे नंबर, मृताचे नाव, सुटलेला पोटहिस्सा, बागायतीच्या जागी जिरायत. यांतली शेवटची चूक सर्वांत महाग पडते आणि तिचे मूळ बहुतेक वेळा सातबारावरच असते. ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची आहे. ती केली नाही तर पिकाचा रकाना कोरा किंवा पड राहतो आणि डाळिंबाची बाग कागदावर माळरान होते. विहीर, बोअर, कायम फळझाडे यांच्या नोंदी अधिसूचनेआधीच्या असल्या तर त्यांना वजन येते. नंतर केलेल्या नोंदीकडे संशयाने पाहिले जाते. वारस नोंदी आणि भावकीतल्या वाटण्याही आधीच उरकाव्यात. हिश्श्याचा वाद राहिला तर कलम ३एचप्रमाणे तो दिवाणी न्यायालयाकडे जातो आणि रक्कम अडकून पडते.

संयुक्त मोजणीचा दिवस हा या सगळ्यांतला सर्वांत महत्त्वाचा दिवस, आणि नेमके त्याच दिवशी कित्येक खातेदार निषेध म्हणून शेतात जात नाहीत. निषेध समजण्यासारखा आहे, पण त्याची किंमत फार मोठी आहे. त्या दिवशी भूमी अभिलेखचे भूकरमापक, भूसंपादन कार्यालयाचे कर्मचारी, कृषी, वन आणि बांधकाम खात्यांची माणसे येतात आणि जे लिहितात तेच पुढे मूल्यांकनाला जाते. 'विहीर १' असे लिहिले गेले तर तिचे मोल ठरवणारा अंदाजाने ठरवतो. व्यास किती, खोली किती, बांधकाम दगडी की आरसीसी, आडवी बोअर किती, मोटार किती अश्वशक्तीची, पाइपलाइन किती इंची आणि किती मीटर, हे सगळे लिहून घ्यावे. फळझाडे जात, वय आणि संख्या यांनुसार. साग, कडुलिंब, बाभूळ यांसारखी इमारती झाडे छातीइतक्या उंचीवरच्या घेरानुसार. द्राक्षबाग असेल तर वेलींबरोबर मांडवाचे अँगल, तारा आणि ठिबक वेगळे. टेप दिसेल असे फोटो काढावेत. जे सुटले ते सहीच्या वर हाताने लिहावे. लिहू दिले नाही तर त्याच दिवशी अर्ज देऊन पोच घ्यावी आणि मोजणीच्या नकाशाची प्रत मागावी. कोऱ्या कागदावर सही करू नये हे सांगायला नको, पण होते.

मोबदल्याच्या हिशोबाबद्दल एक कडू गोष्ट. २०१३च्या भूसंपादन कायद्याचे मोबदल्याचे नियम १ जानेवारी २०१५पासून राष्ट्रीय महामार्गांनाही लागू आहेत. बाजारभाव ठरवताना मुद्रांकाचा दर आणि जवळच्या तशाच जमिनींच्या गेल्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी वरच्या निम्म्या खतांची सरासरी यांची तुलना होते आणि जास्त असेल तो घेतला जातो. समजा, हेक्टरी १२, १४, १५, १८, २०, २२, २४ आणि ३० लाखांची आठ खते आहेत. सगळ्यांची सरासरी साडेएकोणीस लाखांच्या आत येते; कायद्याप्रमाणे धरायची ती शेवटच्या चारांची, म्हणजे २४ लाख. हिशोबात सरसकट सरासरी धरली गेली असेल तर ते ओळखता आले पाहिजे, म्हणून खतांची यादी मागून घ्या. ८५ आरचे २० लाख ४० हजार होतात. या बाजारभावाला ज्याने गुणायचे तो, ग्रामीण भागासाठी राज्याने ठरवलेला गुणांक एक ते दोनच्या दरम्यान असतो. तो एक धरला तरी शंभर टक्के दिलासा रकमेसह (जमीन सक्तीने घेतल्याबद्दल वर मिळणाऱ्या रकमेसह) ४० लाख ८० हजार होतात, आणि वर अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत बाजारभावावर वार्षिक बारा टक्के. विहीर, झाडे, बांधकाम यांचे मूल्य यात मिळवून त्यावरही दिलासा रक्कम धरायची असते. आता कडू गोष्ट: मुद्रांक शुल्क वाचवायला खरेदीखतात रक्कम कमी दाखवायची जी सवय आपल्याकडे पडली आहे, तिची किंमत शेवटी सगळा गाव मोजतो. चाळीस लाखांचा व्यवहार पंधरा लाखांचा दाखवला की तो कागद शेजाऱ्याच्याही विरोधात उभा राहतो.

उरलेल्या जमिनीच्या नुकसानीचा दावा करायची जागा म्हणजे कलम ३जीची नोटीस. तुकडे पडल्याने झालेले नुकसान, राहिलेल्या मालमत्तेला किंवा उत्पन्नाला पोचलेली इजा, आणि घर किंवा धंदा हलवावा लागल्यास त्याचा वाजवी खर्च, हे तिन्ही शीर्षक कायद्यातच आहेत. पण आकडे लागतात: वळशाचे किलोमीटर, दर हंगामाच्या खेपा, पडीक राहणाऱ्या कोपऱ्याचे आर, नव्या पाइपलाइनचे कोटेशन. महामार्गालगतच्या इमारत रेषेमुळे उरलेल्या पट्ट्यात गोठा किंवा घर बांधता येणार नसेल तर तेही लिहावे. निवाडा अपुरा वाटला तर रक्कम 'हरकत राखून' घ्यावी आणि केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जावे. लवादासमोर हेच आकडे पुन्हा पुराव्यासह ठेवावे लागतात. पुढे जिल्हा न्यायालयात लवाद कायद्याच्या कलम ३४खाली आव्हान द्यायला तीन महिने आणि फार तर आणखी तीस दिवस असतात. तिथे नव्याने हिशोब मांडून घ्यायला फारच थोडी जागा असते, त्यामुळे खरी लढाई लवादापाशीच लढावी लागते.

काम सुरू झाल्यावर ठेकेदार मुरूम-मातीसाठी लगतची शेते मागतो. देणाऱ्याने खोली मीटरमध्ये लिहून घ्यावी, वरची फूटभर सुपीक माती बाजूला काढून परत पसरण्याची अट घालावी आणि गौण खनिजाचा परवाना ठेकेदाराच्या नावावर आहे हे पाहावे. नाहीतर डबके आणि दंडाची नोटीस दोन्ही शेतकऱ्याच्या वाट्याला येतात.

शेवटी दोन मागण्या. पहिली शासनाकडे: ३एच्या आधी प्रत्येक बाधित गावात ग्रामसभेसमोर गट नकाशावर आखणी, भुयारी मार्ग आणि मोऱ्या साखळी क्रमांकांसह (रस्त्यावरच्या अंतराच्या क्रमांकांसह) दाखवून लावाव्यात, आणि मोऱ्यांच्या जागा एकदा पावसाळ्यात शिवार फिरून ठरवाव्यात. मे महिन्यात कोरड्या रानात उभे राहून पाणी कुठून वाहते ते कळत नाही. ते त्या शिवारातल्या माणसांना विचारावे लागते.

दुसरी आपल्याकडे, म्हणजे वर्तमानपत्राकडे. कायद्याप्रमाणे ३एच्या अधिसूचनेचा गोषवारा दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापावा लागतो, त्यातले एक स्थानिक भाषेतले. तो आतल्या पानावर, भिंग लावून वाचावा लागेल अशा टाइपात, गट नंबरांच्या सलग रांगांत येतो. जाहिरात कशी छापायची हे देणारा ठरवत असेल, पण ज्या दिवशी अशी नोटीस छापाल त्याच दिवशी तालुका पानावर तालुक्याचे नाव, गावांची यादी आणि हरकतीची शेवटची तारीख एवढी चार ओळींची चौकट ठळक टाइपात द्यावी, ही विनंती.

आपले,
महामार्गाच्या आखणीत जमीन येणारे काही खातेदार